विश्लेषण : दरडीत घर गेले, तरी सरकारी मोजणीत ‘बेघर’ का नाही? महाड-पोलादपूरच्या वाड्यांचे न दिसणारे बेघरपण

बेघर म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो मुंबईचा फूटपाथ, उड्डाणपुलाखालची पथारी किंवा रेल्वेचा फलाट. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत हे चित्र फारसे दिसत नाही. तरीही गेल्या दोन दशकांत या दोन तालुक्यांत शेकडो कुटुंबांची घरे गेली. काही डोंगराखाली गाडली गेली, काहींत सावित्रीचे पाणी शिरले, तर काही इमारतीसकट कोसळली. ही माणसे रस्त्यावर दिसली नाहीत, कारण ती शाळेच्या वर्गात, नातेवाइकांच्या पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा कंटेनरमध्ये राहत होती. ती कोणत्याही यादीत ‘बेघर’ म्हणून नोंदली गेली नाहीत. असे का होते, घर जाण्यामागे फक्त पाऊस असतो का आणि अशा वेळी गाव, गावकी आणि मुंबईचे मंडळ नेमके काय करू शकते, हे समजून घेऊ.

२२ जुलै २०२१ ला काय घडले?

त्या दिवशी सावित्रीच्या खोऱ्यात विक्रमी पाऊस झाला. नदीचा उगम असलेल्या महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवामान खाते २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की त्याला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणते. त्या दिवशीचा पाऊस याच्या जवळपास तिप्पट होता. हे पाणी पोलादपूरमार्गे महाडकडे आले आणि शहर बुडाले.

त्याच दिवशी सायंकाळच्या सुमारास महाड तालुक्यातील तळीये गावाच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला. ८० हून अधिक माणसे गेली. अनेकांचे मृतदेह सापडले नाहीत, शेवटी शोध थांबवून त्यांना मृत घोषित करावे लागले. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी कोसळून जीवितहानी झाली.

ही या भागातली पहिली वेळ नव्हती. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या होत्या. तेव्हाचा मृतांचा आकडा जवळपास दोनशे होता. म्हणजे सोळा वर्षांच्या अंतराने, त्याच महिन्यात, त्याच तालुक्यात तीच आपत्ती पुन्हा आली.

मग ही कुटुंबे ‘बेघर’ का ठरत नाहीत?

कारण व्याख्येत आहे. जनगणनेत बेघर कुटुंब म्हणजे जे कोणत्याही ‘जनगणना घरात’ राहत नाही, तर उघड्यावर, रस्त्याकडेला, पाइपमध्ये, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा फलाटावर राहते ते कुटुंब. २०११ च्या जनगणनेत अशा लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशात सुमारे १७.७३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २.११ लाख लोक बेघर नोंदले गेले. राज्यांत उत्तर प्रदेशानंतर महाराष्ट्राचाच क्रमांक होता.

या व्याख्येत दोन गोष्टी सुटतात. पहिली, डोक्यावर पत्रा असला की ते घर धरले जाते. मग ते घर कंटेनर असो, शेड असो की भावाच्या घरातली एक खोली. दुसरी, मोजणी फेब्रुवारीत होते. महाड-पोलादपूरचे बेघरपण मात्र जून ते सप्टेंबरचे आहे. रेड अलर्ट आला की दरडप्रवण वाडीतल्या लोकांना नोटीस मिळते, शाळेत किंवा समाजमंदिरात हलायला सांगितले जाते. पाऊस ओसरला की तीच माणसे त्याच उताराखाली परततात. कागदावर त्यांचे घर शाबूत असते. प्रत्यक्षात वर्षातले काही महिने ते घर झोपण्याच्या लायकीचे नसते.

शहरी बेघरांसाठीच्या योजनाही इथे उपयोगी पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर रात्रनिवाऱ्यांचा जो निकष रूढ झाला, तो एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असा आहे. २०११ च्या जनगणनेत महाड शहराची लोकसंख्या तीस हजारांच्याही आत होती. पोलादपूर तर त्याहून लहान.

डोंगर का सरकतो?

सह्याद्रीचा हा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. कठीण कातळावर झिजलेल्या दगड-मातीचा थर असतो. कोरडा असताना हा थर घर्षणामुळे उतारावर टिकून राहतो. सलग पाऊस पडला की पाणी मातीच्या पोकळ्यांत भरत जाते. कातळातून ते सहज खाली जाऊ शकत नाही, म्हणून माती आणि कातळ यांच्या सीमेवर साठते. पाण्याचा दाब वाढला की मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. त्याच वेळी भिजलेल्या मातीचे वजनही वाढलेले असते. पकड कमी आणि वजन जास्त, असे झाले की अख्खा थर एकदम घसरतो.

म्हणून दरडीचा धोका फक्त एका दिवसाच्या पावसावर ठरत नाही, आधीचे काही दिवस किती पाऊस झाला हेही महत्त्वाचे असते. उताराच्या पायथ्याशी केलेली खोदाई, रस्त्यासाठी कापलेला डोंगर, अडलेला ओढा आणि तुटलेली झाडे यांनी हा तोल आणखी बिघडतो.

घरे उताराखालीच का आहेत?

इथे निसर्गाचा भाग संपतो आणि व्यवस्थेचा सुरू होतो. या तालुक्यांत सपाट जमीन थोडी आहे आणि ती भाताची आहे. खाचरात घर बांधले तर खायचे काय, म्हणून पिढ्यान् पिढ्या घर डोंगराच्या कुशीत आणि शेत खाली, अशी रचना झाली. गावठाणाच्या हद्दी जुन्या मोजणीतल्या आहेत. कुटुंबे वाढली, पण गावठाण त्या प्रमाणात वाढले नाही. त्यामुळे नवे घर जुन्या घराच्या मागे, म्हणजे आणखी वर, उतार कापून बांधले गेले.

सुरक्षित, सपाट आणि रस्त्यालगतची जमीन नाही असे नाही. पण मुंबई-गोवा महामार्ग आणि महाडची औद्योगिक वसाहत यांच्या आसपासच्या जमिनीला वेगळा भाव आहे. दोन-चार गुंठे भातशेती असलेल्या कुटुंबाला ती घेणे शक्य नसते. उरलेली बरीचशी जमीन वनखात्याच्या नोंदीत असते आणि ती वसाहतीसाठी मिळवायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. थोडक्यात, धोक्याची जागा लोकांनी हौसेने निवडलेली नाही, त्यांच्या वाट्याला तेवढीच आली.

दरडप्रवण गावांची यादी होती, मग उपयोग का झाला नाही?

२००५ नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या पाहणीतून रायगड जिल्ह्यातील दरडप्रवण गावांची यादी तयार झाली. ती १०३ गावांची होती आणि त्यातली जवळपास निम्मी गावे एकट्या महाड तालुक्यातली होती. पुढच्या पाहण्यांत हा आकडा वाढत गेला.

यादीचा एक फायदा असतो: पावसाळ्यात कुणाला हलवायचे हे प्रशासनाला ठाऊक असते. पण तिच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे यादीत नाव आले म्हणून आपोआप जागा, निधी किंवा पुनर्वसनाची तारीख मिळत नाही. गाव ‘धोकादायक’ ठरते आणि तिथेच राहते. वर अशा गावात घर दुरुस्त करायला, त्यात पैसा घालायला कुटुंब कचरते. दुसरी मर्यादा इर्शाळवाडीने दाखवली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील या ठाकूर आदिवासी वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण यादीत नव्हती, असे सरकारनेच सांगितले.

म्हणजे यादीतल्या गावाला पुढचे पाऊल नाही आणि यादीबाहेरच्या गावाला पहिलेही नाही.

घर गेल्यावर भरपाई किती मिळते?

इथे आकडे नीट पाहायला हवेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार मदत अशी आहे :

- पूर्ण पडलेले किंवा गंभीर नुकसान झालेले घर : सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये
- किमान १५ टक्के नुकसान झालेले पक्के घर : ६,५०० रुपये
- तसेच कच्चे घर : ४,००० रुपये
- नष्ट झालेली झोपडी : ८,००० रुपये
- कपडे आणि भांडीकुंडी यांसाठी : प्रति कुटुंब प्रत्येकी २,५०० रुपये

२०२१ मध्ये हे निकष याहून कमी होते. त्या वर्षी राज्य सरकारने ११,५०० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करून पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख रुपये दिले, ते निकषाच्या वर होते. तरी दीड लाखात डोंगराळ भागात वाळू, सिमेंट, लोखंड चढवून घर उभे राहत नाही.

शिवाय निकषात एक अट आहे : पडलेले बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला हवा. घर कुणाच्या नावावर आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद आहे का, हे तपासले जाते. मुंबईत गेलेल्या चार भावांचे एक घर असेल तर चौघांची संमती लागते. आजोबांच्या नावावरची नोंद तशीच असेल तर आधी वारसनोंद करावी लागते. भाडेकरूला भांडी-कपड्यांची मदत मिळू शकते, घराची नाही, कारण घर त्याचे नसते.

सगळ्यात जास्त कोण सुटते?

कातकरी कुटुंबे. महाराष्ट्रात जे तीन समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात, त्यांत कातकरी आहेत. रायगडमधल्या अनेक कातकरी वाड्या खासगी मालकीच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर आहेत. घर त्यांचे, पण घराखालची जमीन दुसऱ्याची. एखाद्या वाडीत तीन पिढ्या राहिलेले कुटुंबही कागदावर त्या जागेचे कुणी नसते. वीटभट्टी आणि कोळशाच्या कामासाठी वर्षातले काही महिने ते गावाबाहेर असते. पाहणी त्याच काळात झाली तर नाव सुटते.

घर पडले तर ते ‘घर’ की ‘झोपडी’, यावर रक्कम ठरते. डोंगरी भागात १ लाख ३० हजार की ८ हजार, एवढा तो फरक आहे. घरकुल योजनांचेही तसेच. प्रधानमंत्री आवास योजनेत, शबरी आवास योजनेत घर बांधायला पैसे मिळतात, पण आधी जागा हवी. भूमिहीनांसाठी जागा खरेदीला अर्थसाह्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना राज्यात आहे. पण रक्कम हातात असली तरी गावात विकायला जागा असावी लागते आणि ती कातकऱ्याला विकायला कुणी तयार असावे लागते.

यावर एक जुना मार्ग कायद्यातच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात. वाडी आहे त्या जागी गावठाण घोषित झाले तर तिथल्या घरांना आधार मिळतो. त्यासाठी मोजणी, प्रस्ताव आणि पाठपुरावा लागतो. तो करणारी माणसे असलेल्या वाड्या पुढे जातात, बाकीच्या तशाच राहतात.

शहरात काय वेगळे घडते?

महाड शहराचा प्रश्न दोन प्रकारचा आहे. पहिला पुराचा. शहर सखल आहे, सावित्रीला इथे गांधारी आणि काळ नद्यांचे पाणी येऊन मिळते आणि खालून बाणकोट खाडीची भरती चढते. डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस आणि त्याच वेळी भरती, असे झाले की पाण्याला वाट उरत नाही. पुरात पक्के घर पडत नाही. गाळ भरतो, फर्निचर, धान्य, मशिन, दप्तर सगळे जाते, पण भिंती उभ्या असतात. त्यामुळे घर ‘अंशतः बाधित’ ठरते. भाड्याने राहणारा कामगार दुसरी खोली शोधायला जातो, तेव्हा अख्खे शहर एकाच वेळी खोल्या शोधत असते.

दुसरा प्रश्न बांधकामाचा. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुरा भागातली तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. इमारत जुनी, पडीक नव्हती. ना पूर, ना दरड. अशा वेळी वाचलेल्या कुटुंबापुढे वेगळाच पेच असतो. फ्लॅट म्हणजे हवेतले चार कोपरे. इमारत गेली की उरते ती जमीन, आणि सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झालेले नसेल तर जमीनही कागदावर विकासकाचीच असते. गृहकर्ज काढले असेल तर हप्ते मात्र सुरू राहतात. गावात कातकऱ्याचे आणि शहरात फ्लॅटधारकाचे दुखणे इथे एक होते : घर आपले, जमीन दुसऱ्याची.

मग लोकांना कोण सावरते?

पहिले २४ तास शेजारचे गाव. तळीयेत दरड कोसळली तेव्हा महाड पाण्याखाली होते, रस्ते तुटले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके दुसऱ्या दिवशी पोहोचली. तोवर हाताने, फावड्याने माती उपसणारे आसपासच्या वाड्यांतले लोक आणि स्थानिक तरुण होते. त्या अनुभवानंतर पावसाळ्याच्या आधीच महाडमध्ये या दलाचे पथक तैनात करण्याची पद्धत सुरू झाली.

पुढचे काही आठवडे मुंबई. कोकणातल्या बहुतेक गावांचे मुंबईत ग्रामस्थ मंडळ असते. याची मुळे गिरणगावात आहेत. गिरणीत कामाला आलेला माणूस शहरात बेघर राहू नये म्हणून गावकीने लालबाग-परळच्या चाळीत खोली घेतलेली असे. पाळीपाळीने काम करणारे गाववाले तिथे पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. ट्रंक ठेवायला जागा आणि पत्रासाठी पत्ता, एवढे त्या खोलीने दिले आणि हजारो माणसे फूटपाथवर जाण्यापासून वाचली. आपत्तीच्या वेळी हेच जाळे उलट्या दिशेने चालते. वर्गणी, धान्य, ताडपत्री, चादरी, औषधे गावाकडे निघतात. वाचलेल्या मुलांची शिक्षणाची सोय नातेवाइकांकडे होते.

यात नुसती दयाबुद्धी नाही. मूळ घर हे गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या आई-वडिलांचेच नसते. चाकरमान्याचा गणपती त्याच घरात बसतो. २०२१ मध्ये दरडीनंतर जेमतेम सात आठवड्यांत, १० सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. त्या वर्षी अनेक कुटुंबांपुढे प्रश्न होता, तो ‘जायचे कुठे’ हा. विरार किंवा डोंबिवलीत वन रूम किचन असलेला माणूसही अशा वेळी एका अर्थाने बेघर होतो.

महाड शहरातही लोक एकत्र आले. पुरानंतर मुंबई-ठाण्याकडून महापालिकांची पथके आणि स्वयंसेवक गाळ काढायला आले, पण ते गेल्यावर पुढच्या पुराचे काय, हा प्रश्न शहराचाच होता. नागरिकांच्या पूर निवारण समितीने सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांतला गाळ व बेटे काढण्याची आणि दासगावजवळच्या कोकण रेल्वेच्या भरावामुळे अडणाऱ्या प्रवाहाला वाट करून देण्याची मागणी लावून धरली. त्यानंतर गाळ काढण्याची कामे हाती घेण्यात आली.

मग समाजाची मदत कुठे कमी पडते?

वर्गणीतून भांडी येतात, पत्रे येतात, मुलांची फी भरली जाते. वर्गणीतून सात-बारा येत नाही. सुरक्षित जागा ठरवणे, ती संपादित करणे, रस्ता, पाणी, वीज देणे आणि घर कुटुंबाच्या नावावर करणे ही कामे सरकारचीच आहेत. आणि नेमके तिथेच वर्षे जातात.

तळीयेच्या पुनर्वसनाची जबाबदारी दरडीनंतर काही दिवसांतच म्हाडाकडे देण्यात आली. कोंढाळकरवाडीबरोबर आसपासच्या धोक्यातल्या वाड्याही हलवायच्या ठरल्याने योजना अडीचशेहून अधिक घरांची झाली. तोवर कुटुंबांना कंटेनरमध्ये ठेवण्यात आले. पत्र्याचा कंटेनर उन्हाळ्यात तापतो, पावसात आवाजाने झोपू देत नाही आणि त्यात ना गोठा, ना भात ठेवायला जागा. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी घडली तेव्हा, म्हणजे दोन वर्षांनंतरही, तळीयेची कुटुंबे तिथेच होती. २००५ च्या दरडीनंतर दासगावच्या काही कुटुंबांच्या वाट्याला पत्र्याच्या शेडमधले आयुष्य आले होते, तेही दशकभराहून अधिक काळ.

यामागे एक कायदेशीर फरकही आहे. धरणासाठी किंवा कारखान्यासाठी जमीन गेली तर प्रकल्पग्रस्तांसाठी राज्यात पुनर्वसनाचा कायदा आहे. त्यात पात्रता, जमीन, नागरी सुविधा यांची चौकट आहे. दरडीने घर गेले तर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली किमान मदत मिळते, पण कायमचे घर किती दिवसांत, किती अंतरावर, कोणत्या सोयींसह द्यायचे याचे असे बांधीव वेळापत्रक नाही. प्रत्येक गावाचे पुनर्वसन त्या वेळच्या घोषणेवर आणि पाठपुराव्यावर चालते.

चांगले पुनर्वसन कसे असते?

महाराष्ट्राकडे यासाठी परदेशी उदाहरणांची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली, तर त्याहून कितीतरी अधिक गावांत लोकांनी सरकारी मदतीतून स्वतः घरे दुरुस्त केली, मजबूत केली. या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या महिलांना संवादाच्या कामात जोडले गेले. पैसे कधी मिळणार, भिंतीत काय घालायचे, इंजिनीअरला काय विचारायचे, हे गावातलीच बाई गावाला सांगू लागली. त्यातला धडा साधा होता : घर बांधण्यात कुटुंबाचा हात असेल तर काम पुढे जाते.

उलटे उदाहरण माळीणचे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील हे गाव दरडीखाली गेले, सुमारे दीडशे माणसे दगावली. एप्रिल २०१७ मध्ये नवे माळीण उभे राहिले, घरे चांगली दिसत होती. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या वसाहतीतले रस्ते आणि भराव खचले. उतारावर सपाटीकरण करून वसवलेल्या गावात पाण्याचा निचरा हाच पाया असतो, हे तेव्हा पुन्हा कळले.

या अनुभवांतून चार गोष्टी निघतात. जागा ग्रामसभेने निवडलेली आणि भूवैज्ञानिकांनी तपासलेली असावी. ती शेतापासून इतकी लांब नसावी की लोक पुन्हा जुन्या जागी झोपडी बांधतील. घर देताना जमिनीचा हक्क कुटुंबाच्या, आणि त्यातही पती-पत्नी दोघांच्या, नावावर यावा. आणि दरड कोसळण्याची वाट न पाहता यादीतल्या गावांसाठी सुरक्षित जागा आधीच राखून ठेवाव्यात. आपत्तीनंतर जागा शोधायला निघाले की कंटेनरची वर्षे तिथूनच सुरू होतात.

कुटुंबांनी आत्ता काय करावे?

व्यवस्था बदलायला वेळ लागेल, पाऊस थांबणार नाही. म्हणून काही गोष्टी पावसाळ्याआधी करून ठेवता येतात.

- घराची नमुना ८ वरची नोंद कुणाच्या नावावर आहे ते पाहा. मयत व्यक्तीच्या नावावर असेल तर वारसनोंदीसाठी अर्ज करा. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक घ्या.
- आधार, रेशनकार्ड, सात-बारा, बँक पासबुक यांचे फोटो फोनमध्ये आणि मुंबईतल्या नातेवाइकाच्या फोनमध्येही ठेवा. डिजिलॉकर वापरता येईल.
- घराचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. नुकसानीच्या पंचनाम्यात घर पक्के होते हे दाखवायला ते उपयोगी पडतात.
- जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडे किंवा विजेचे खांब, अचानक गढूळ झालेला झरा, एकाएकी घट्ट बसणारी दारे-खिडक्या, डोंगरातून येणारा गडगडाट ही दरडीपूर्वीची लक्षणे आहेत. दिसताच घर सोडा, रात्र असली तरी.
- जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ फोनमध्ये ठेवा.
- पंचनाम्याच्या वेळी गैरहजर असाल तर तलाठी आणि ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पुढे लक्ष कशावर ठेवायचे?

२०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. त्यात कंटेनरमधले कुटुंब पुन्हा ‘घरात राहणारे’ म्हणूनच मोजले जाईल, व्याख्या बदलल्याशिवाय हे टळणार नाही. पण जिल्हा आणि ग्रामपंचायत पातळीवर वेगळी नोंद ठेवायला कुणाची मनाई नाही. दरवर्षी जून ते सप्टेंबर किती कुटुंबे घराबाहेर राहतात, किती तात्पुरत्या निवाऱ्यात आहेत, किती जणांची घरे दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत, ही तीन उत्तरे प्रत्येक ग्रामसभा एका बैठकीत देऊ शकते. जे मोजले जाते त्याच्यासाठीच निधी मागता येतो.

२००५ मध्ये जुई आणि दासगाव, २०२१ मध्ये तळीये, सुतारवाडी आणि केवनाळे. दोन्ही वेळा शेजारच्या गावाने माणसे उपसून काढली, मुंबईने पोते भरून पाठवले. तो भाग या दोन तालुक्यांना शिकवावा लागत नाही. घर पडल्यापासून नव्या घराची चावी हातात येईपर्यंतची वर्षे कमी करणे हे काम मात्र गावकीच्या वर्गणीने होणारे नाही.